विस्कटलेले वाक्य आणि बुद्धीचे माप

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असतो की, त्यात अवघड शब्द बहुधा एकही नसतो आणि तरीही चांगले चांगले विद्यार्थी त्यापाशी अडखळतात. एखादे साधे वाक्य घ्यावयाचे, त्यातील शब्द पत्त्यांप्रमाणे पिसावयाचे आणि परीक्षार्थ्याला ते पुन्हा नीट लावावयास सांगावयाचे, एवढेच त्या प्रश्नाचे स्वरूप. शाळेच्या परीक्षेत तो असतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेतही वाक्याचे तुकडे पी, क्यू, आर, एस अशा अक्षरांखाली उलटसुलट मांडून तो विचारला जातो. दिसावयास हा खेळ. परंतु या खेळावर गुण अवलंबून असतात, गुणांवर प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. आणि ज्याला तो साधत नाही त्याच्याविषयी ‘याची बुद्धीच मंद’ असा शेरा मारावयास घरची आणि शाळेची मंडळी फार वेळ लावीत नाहीत.

हा शेरा न्याय्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. विस्कटलेल्या वाक्याला स्वतःचा इतिहास आहे. तो इंग्लंडमध्ये सुरू होतो, बोस्टनच्या एका छापखान्यातून आणि पॅरिसच्या शाळांमधून जातो, अमेरिकेच्या सैन्यछावण्यांत एक विपरीत वळण घेतो आणि मराठी मुलांपर्यंत येऊन पोहोचतो.

जागा हीच विभक्ती

प्रथम हा प्रश्न इंग्रजीतच इतका का शोभतो, ते पाहिले पाहिजे. पाच निरनिराळ्या शब्दांच्या 120 रचना होऊ शकतात. आठ शब्दांच्या 40,320. एवढ्या रचना एकेक करून तपासून कोणीही उत्तर काढीत नाही. जाणता वाचक भाषेच्या नियमाचे बोट धरतो आणि थेट योग्य रचनेपाशी जातो. तो नियम मात्र प्रत्येक भाषेत सारखा नसतो.

‘मुलाने वाघाला पाहिले’ हे मराठी वाक्य घ्या. त्यातील तीन शब्दांच्या सहा रचना होतात. ‘वाघाला मुलाने पाहिले’, ‘पाहिले मुलाने वाघाला’, कशाही रीतीने सांगितले तरी पाहणारा मुलगाच राहतो आणि पाहिला जातो तो वाघच. जोर बदलतो, बोलण्याची ढब बदलते; घडलेली गोष्ट बदलत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे शब्द कोठेही जावो, आपले नाते बरोबर घेऊन जातो.

आता हेच वाक्य इंग्रजीत ‘द बॉय सॉ द टायगर’ असे होते. येथे ‘बॉय’ आणि ‘टायगर’ यांची अदलाबदल केली की पाहणारा वाघ होतो आणि मुलाची अवस्था कठीण होते. शब्द तेच, त्यांची रूपेही तीच. केवळ जागा बदलली आणि अर्थ उलटला. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची आणि नंतरची जागा कर्माची, असा इंग्रजीचा दंडक आहे. मराठीत जे काम प्रत्यय करतो ते इंग्रजीत जागा करते. म्हणून इंग्रजी वाक्य विस्कटणे म्हणजे केवळ शब्दांचा क्रम मोडणे नव्हे. त्या वाक्याचे व्याकरणच काढून घेणे होय.

इंग्रजी मात्र पहिल्यापासून अशी नव्हती. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या काळची इंग्रजी या बाबतीत संस्कृत-मराठीच्या पुष्कळच जवळ होती. त्या भाषेत राजाला ‘क्युनिंग’ म्हणत. राजा वाक्याचा कर्ता असला तर ‘से क्युनिंग’ आणि कर्म असला तर ‘थोने क्युनिंग’, असा फरक नामाच्या आधी येणाऱ्या शब्दाच्या रूपानेच दाखविला जाई. नामांना, विशेषणांनाही निरनिराळे प्रत्यय लागत. वाक्याचे काही ठरावीक वळण तेव्हाही होते. तथापि शब्द हलविण्याची मोकळीक आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होती.

पुढे ही प्रत्ययांची श्रीमंती ओसरली. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी आघात देण्याची रीत असल्यामुळे अंत्य अक्षरे उच्चारात दुबळी पडत गेली. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत उत्तरेकडून आलेले दर्यावर्दी लोक स्थायिक झाले. त्यांची भाषा इंग्रजीची बहीणच. मूळ शब्द बहुतेक सारखे, परंतु प्रत्यय वेगळे. अशा शेजारात प्रत्ययांची झीज अधिक झाली असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. इंग्रजी लेखनाला जे प्रमाण वळण लागले होते ते सुटले आणि बोलण्यात आधीच सुरू झालेला बदल कागदावरही मोकळेपणाने उतरू लागला. पुढील तीनचार शतकांत बहुतेक प्रत्यय गळाले आणि कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम पक्का होत गेला. जुन्या व्यवस्थेची एक खूण सर्वनामांत अजून उरली आहे. ‘ही’ म्हणजे तो आणि ‘हिम’ म्हणजे त्याला. म्हणूनच सर्वनाम असलेल्या वाक्याचा क्रम थोडा हलला तरी अर्थ सहसा हरवत नाही.

प्रश्नार्थक वाक्यातील ‘डू’ आणि ‘डिड’ यांचे ठाणे त्यानंतरचे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत त्यांचा वापर वाढत गेला. ‘तो का आला नाही?’ असे मराठीत सरळ विचारणारा विद्यार्थी इंग्रजीत ‘व्हाय ही डिड नॉट कम’ असे लिहून गुण घालवितो, कारण ‘डिड’ने कर्त्याच्या पुढे येऊन उभे राहावे हा दंडक त्याच्या कानाने कधी ऐकलेला नसतो. ही चूक आळसाची नव्हे, दोन भाषांच्या दोन इतिहासांची आहे.

छापखान्यातील उमेदवार

भाषा अशी क्रमावर आधारलेली झाली की, क्रम शिकण्यासाठी तो मुद्दाम मोडून पाहावा ही कल्पना कोणाला तरी सुचणारच. या अभ्यासाचे एक जुने आणि सुप्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचे आहे. बोस्टनमध्ये 1706 साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षाच्या सुमारास आपल्या वडील भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली आणि मुलाचे शुद्धलेखन बरे असले तरी मांडणीत सफाई नाही, विचारांना शिस्त नाही, असे त्यांनी त्याला दाखवून दिले.

मुलाने ते मनावर घेतले. लंडनमध्ये 1711 आणि 1712 साली निघालेल्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक खंड त्याच्या हाती आला होता. त्यातील निबंध वाचून प्रत्येक वाक्याच्या आशयाचे त्रोटक टिपण तो करी. काही दिवस जाऊ देई आणि मग पुस्तक न उघडता तो निबंध आपल्या शब्दांत पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाही. पुढे त्याने आणखी एक युक्ती काढली. आपली टिपणे तो मुद्दाम उलटसुलट करून ठेवी आणि काही आठवड्यांनंतर ती योग्य क्रमाने लावावयास बसे. विचारांची मांडणी कशी करावी हे त्यातून कळावे, असा त्याचा हेतू होता. ही सारी हकीकत 1771 साली लिहावयास घेतलेल्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच नमूद केली आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. फ्रँकलिनने शब्द नव्हेत, तर विचार विस्कटले होते; आज परिच्छेदातील वाक्ये उलटसुलट करून जो प्रश्न विचारतात त्याचे बीज येथे दिसते. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या खेळात परीक्षक नव्हता, घड्याळ नव्हते, पास-नापास नव्हते. मुलगा चुके, मूळ पाही, सुधारी आणि पुन्हा लिही. विस्कटलेले वाक्य त्याच्यासाठी अभ्यासाचे साधन होते. त्याचे मापनाचे साधन झाले ते जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, पॅरिसमध्ये.

पॅरिसमधील चाचण्या

फ्रान्सने 1882 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सर्व थरांतील मुले शाळेत आली आणि त्यांपैकी काहींना नेहमीच्या वर्गातले शिकणे झेपेना. अशा मुलांना वेगळे साहाय्य कसे द्यावे याचा विचार करण्यासाठी 1904 साली सरकारने एक समिती नेमली. तिच्या सदस्यांपैकी आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाने तेओदोर सिमाँ या डॉक्टर सहकाऱ्याच्या मदतीने 1905 साली चाचण्यांची एक मालिका तयार केली. 1908 साली त्याने त्या वयाप्रमाणे लावल्या आणि 1911 साली, म्हणजे आपल्या मृत्यूच्याच वर्षी, पुन्हा सुधारल्या.

या वयवार चाचण्यांत अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी शब्द विस्कटलेली वाक्ये होती. एक वाक्य सकाळी लवकर गावाकडे निघाल्याचे, दुसरे गुरुजींना आपला पाठ तपासावयास सांगितल्याचे, तिसरे धन्याचे शौर्याने रक्षण करणाऱ्या इमानी कुत्र्याचे. घरातील आणि शाळेतील साध्या गोष्टी, परंतु शब्द विखुरलेले. मुलाने ते मनात जुळवून वाक्य सांगावयाचे.

बिनेचा हेतू मुलांवर कायमचा शिक्का मारण्याचा नव्हता. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली आणि कधीही न वाढणारी राशी होय, हे मत त्याने 1909 सालच्या आपल्या पुस्तकात स्पष्टपणे खोडून काढले आहे. योग्य शिकवणीने मुलाचे लक्ष, स्मरण आणि तारतम्य वाढविता येते, असे त्याचे म्हणणे होते. चाचणी हा त्याच्या दृष्टीने औषधाआधीचा तपास होता.

या चाचण्या अटलांटिक ओलांडून गेल्या. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन याने 1916 साली त्यांची इंग्रजी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीच तीन वाक्ये इंग्रजी वेष घेऊन तेथे आली. बाराव्या वर्षाच्या मुलाने तीनपैकी दोन वाक्ये, प्रत्येकी एका मिनिटात, लावावयाची होती. हे स्थलांतर फारशी तक्रार न होता पार पडले, याचेही एक कारण आहे. नामांचे विभक्तिप्रत्यय फ्रेंचनेही गमावले आहेत आणि ती भाषाही शब्दांच्या जागेवर विसंबते. त्यामुळे चाचणीतील भाषेचा भाग कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. जे मोजले जात आहे ते निखळ बुद्धीच, असा समज सहज रुजला.

छावणीतील दोन मिनिटे

या समजाचे परिणाम लवकरच मोठ्या प्रमाणावर दिसून आले. 6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुण भरती होणार होते. कोणाला कोठे नेमावे हा प्रश्न होता. रॉबर्ट यर्क्स याच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांची एक मंडळी मे 1917 मध्ये न्यू जर्सी राज्यातील वाइनलँड येथे जमली आणि त्यांनी एकाच वेळी शेकडो लोकांना देता येतील अशा चाचण्या तयार केल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांच्यासाठी ‘आल्फा’. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी चित्रांची आणि आकृत्यांची ‘बीटा’. 1919 च्या जानेवारीपर्यंत सतरा लाखांहून अधिक लोकांनी या परीक्षा दिल्या.

आल्फा परीक्षेत आठ भाग होते. त्यांतील पाचवा भाग विस्कटलेल्या वाक्यांचा होता. चोवीस वाक्ये आणि वेळ अवघी दोन मिनिटे. म्हणजे एका वाक्याला पाच सेकंद. शिवाय उत्तर तपासणे सोपे व्हावे म्हणून एक युक्ती केलेली होती. शिपायाने वाक्य लिहून दाखवावयाचे नव्हते. त्याने ते मनात लावावयाचे आणि ते खरे की खोटे एवढ्यावर खूण करावयाची. गाय गवत खाते अशा अर्थाचे वाक्य निघाले तर खरे. सर्व घोड्यांना पिसे असतात असे निघाले तर खोटे. मांडणी शिकण्यासाठी फ्रँकलिन जे आठवड्यांच्या सवडीने करीत असे ते येथे पाच सेकंदांचे झाले, आणि मांडणी प्रत्यक्ष पाहण्याची गरजही उरली नाही.

आता त्या छावणीतील रांगेत बसलेल्या तरुणाची कल्पना करावी. तो इटलीतून, पोलंडमधून किंवा रशियातून चारदोन वर्षांपूर्वी आलेला आहे. पोलिश किंवा रशियन ही त्याची भाषा असेल तर ती विभक्तिप्रत्ययांनी भरलेली आहे आणि शब्द मोकळेपणाने हलविण्याची सवय त्याला आईच्या भाषेतून लागली आहे. बाजारापुरते, कारखान्यापुरते इंग्रजी तो वाचतो. नियमाप्रमाणे त्याला बीटा परीक्षेला बसवावयास हवे होते. परंतु छावण्यांतील गर्दीत हा नियम सर्वत्र सारखा पाळला गेला नाही आणि इंग्रजी कच्चे असलेले पुष्कळ लोक आल्फा परीक्षेलाच बसले. त्याच्या पाचव्या भागात गुण पडले नाहीत, तर त्यात मोजले काय गेले? त्याला घोड्याला पिसे नसतात हे ठाऊक नव्हते काय?

युद्धानंतर कार्ल ब्रिगम याने या आकड्यांवर 1923 साली एक पुस्तक लिहिले. परदेशांत जन्मलेल्या शिपायांचे गुण अमेरिकेतील त्यांच्या वास्तव्याच्या वर्षांबरोबर वाढत गेलेले आहेत, हे त्याला आकड्यांत दिसले. वीस वर्षे राहिलेल्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या जवळपास होते. यावरून सहज निघणारा अर्थ असा की, जो जितकी वर्षे इंग्रजी ऐकतो तितकी त्याला ही परीक्षा सोपी जाते. ब्रिगमने मात्र निराळा अर्थ काढला. अलीकडे येणारे लोकच मुळी कमी बुद्धीचे, असे त्याने प्रतिपादले. पत्रकार वॉल्टर लिपमन याने 1922 सालीच या चाचण्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांवर कडक टीका केली होती. परंतु वारे दुसऱ्या दिशेने वाहत होते. 1924 च्या कायद्याने अमेरिकेने प्रत्येक देशातून येणाऱ्यांची संख्या 1890 च्या जनगणनेतील त्या देशीयांच्या दोन टक्क्यांवर आणली आणि दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांना दार जवळजवळ बंद झाले. या कायद्यामागे राजकीय आणि आर्थिक कारणे अनेक होती आणि चाचण्यांचा त्यात कितपत वाटा होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु परक्यांना तुच्छ लेखणाऱ्यांच्या हाती शास्त्राचा आधार म्हणून हे आकडे आयते पडले, यात शंका नाही.

या कथेचा शेवट मात्र मनाला दिलासा देणारा आहे. ब्रिगमने 1930 साली एक लेख लिहून आपले जुने निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. ज्यांच्या घरी निराळी भाषा बोलली जाते अशा लोकांची इंग्रजी चाचण्यांवरून तुलना करता येत नाही आणि आपला अभ्यास निराधार होता, असे त्याने मान्य केले. विद्वानाने आपली चूक इतक्या उघडपणे कबूल करावी हे विरळाच. तथापि कायदा होऊन सहा वर्षे लोटली होती.

मराठी मुलांपुढील प्रश्न

बिनेच्या चाचण्या भारतातही आल्या. मुंबई इलाख्यातील मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी त्यांचे रूपांतर केले. त्याविषयीचा त्यांचा लेख 1934 साली ब्रिटनमधील शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक 1940 साली प्रसिद्ध झाले. जेथे एकाच गल्लीत मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतात त्या बेळगाव-धारवाडच्या बाजूस अशा कामाची गरज कोणालाही पटेल. पॅरिसच्या मुलासाठी घडविलेले माप येथील मुलाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे तत्त्व त्या रूपांतराच्या मुळाशीच होते. विस्कटलेल्या वाक्याच्या बाबतीत तर ते लगेच पटते. ‘मुलाने वाघाला पाहिले’ हे वाक्य मराठीत विस्कटावयाचे म्हटले, तरी ते पुरते विस्कटतच नाही!

म्हणजे मराठी मुलाला शब्दांची जुळणी परकी आहे काय? मुळीच नाही. संस्कृत पाठशाळांतून ती शतकानुशतके शिकविली गेली. श्लोकात शब्द वृत्तासाठी कोठेही विखुरलेले असतात. त्यांना गद्याच्या क्रमाने लावणे म्हणजे अन्वय. त्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. दंडान्वयात कर्त्यापासून क्रियापदापर्यंत सर्व शब्द एका सरळ रेषेत मांडले जातात. खंडान्वयात आधी मुख्य क्रियापद पकडावयाचे आणि मग त्यालाच विचारावयाचे: कोण? काय? कोणाला? कसा? कोठे? प्रत्येक प्रश्नाला एकेक शब्द उत्तर म्हणून पुढे येतो. कालिदासाच्या काव्यांचा थोर टीकाकार मल्लिनाथ याने आपले सारे विवरण अन्वयाच्या मार्गानेच केले. त्याचे कोलाचल हे गाव आजच्या तेलंगणातील मेदक जिल्ह्यातले मानले जाते. तेव्हा हैदराबादच्या विद्यार्थ्याला तर ही विद्या घराशेजारची आहे.

हीच खंडान्वयाची रीत इंग्रजी वाक्याला लावून पाहावी. समजा, वाक्याचा आरंभ ‘द ओल्ड टीचर’ असा दिलेला आहे आणि पुढचे तुकडे असे आहेत: पी, ‘टू द बॉइज’, क्यू, ‘हू हॅड कम लेट’, आर, ‘गेव्ह अनदर चान्स’, एस, ‘बिकॉज ऑफ द रेन’. चार तुकड्यांच्या चोवीस रचना होतात, पण त्या तपासण्याचे कारण नाही. मुख्य क्रियापद कोठे आहे? ‘गेव्ह’मध्ये. ‘कम’ हे क्रियापदही आहे. परंतु ते ‘हू’च्या हाताखालचे, म्हणजे गौण वाक्यातले. म्हणून प्रथम आर. संधी दिली, कोणाला? पी. कोणत्या मुलांना? क्यू. उशीर कशामुळे? एस. उत्तर आर, पी, क्यू, एस.

आता त्या वाक्याचे मराठी करून पाहावे: ‘पावसामुळे उशिरा आलेल्या मुलांना वृद्ध गुरुजींनी आणखी एक संधी दिली.’ येथे तुकड्यांचा क्रम एस, क्यू, पी, आर असा झाला. इंग्रजीच्या नेमका उलटा! ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि विशेषण, कारण, तपशील हे सारे मुख्य शब्दाच्या आधी येतात. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि ‘हू’, ‘विच’ यांनी सुरू होणारा तपशील मुख्य शब्दाच्या मागून येतो. एक भाषा दुसरीची आरशातली प्रतिमा वाटावी, असे हे अंतर आहे. मराठी मूल इंग्रजी तुकडे लावताना चुकते ते बहुतेक वेळा याच आरशापाशी. त्याचे मन तपशील आधी मांडू पाहते, कारण त्याच्या भाषेची रीतच तशी आहे.

अन्वय आणि इंग्रजी जुळणी यांत एक भेद मात्र विसरता कामा नये. संस्कृतात नाते प्रत्यय सांगतो. इंग्रजीत तो आधार नाही. तेथे लहान लहान शब्दांकडे पाहावे लागते. ‘द’ आणि ‘अ’ यांच्यामागून नाम येणार. ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘ऑफ’ यांच्यामागून त्यांचे नाम येणार. ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ आले की क्रियापदाचे पुढचे रूप जवळच असणार. ‘ही’, ‘शी’, ‘दे’ आले तर ज्याच्याविषयी ते बोलतात ते नाव बहुधा आधी येऊन गेलेले असणार. हे लहान शब्द म्हणजे इंग्रजीतील गळालेल्या प्रत्ययांचे वारस होत. ज्याने त्यांच्यावर नजर ठेवली त्याला वाक्य आपोआप लागू लागते.

परीक्षकाची जबाबदारीही लहान नाही. वरच्या उदाहरणात ‘बिकॉज ऑफ द रेन’च्या जागी ‘फ्रॉम द नेक्स्ट व्हिलेज’ घातले तर काय होते? शेजारच्या गावची मुले उशिरा आली, की मुले शेजारच्या गावाहून उशिरा आली? आर, पी, एस, क्यू हा क्रमही शुद्ध आणि आर, पी, क्यू, एस हाही शुद्ध. तेव्हा असा प्रश्न घालून एकाच उत्तराला गुण देणारा परीक्षक विद्यार्थ्याची परीक्षा घेत नाही. तो आपल्या मनातले ओळखावयास सांगतो. इंग्रजीचा क्रम कडक असला तरी सर्वत्र एकच रचना शुद्ध असते असे नाही, हे प्रश्न काढणाऱ्याने प्रथम स्वतःशी पडताळून पाहिले पाहिजे.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांना विस्कटलेल्या वाक्याचे असे प्रश्न सोडवावे लागले नसतील. परंतु मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करताना तो आरसा त्यांनी रोज ओलांडला. दोन्हीकडचा क्रम त्यांच्या हातात बसला तो शेकडो वाक्ये उलटून पालटून लिहिल्यामुळे. फ्रँकलिनची रीतही मुळात हीच होती: मोडावे, जोडावे, मुळाशी ताडावे. आजच्या विद्यार्थ्यानेही रोज चांगल्या इंग्रजी पुस्तकातील पाचसहा वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरून, दुसऱ्या दिवशी त्या पिसून पुन्हा लावल्या आणि मूळ उघडून पाहिले, तर त्याला दुसऱ्या शिकवणीची गरज क्वचितच भासेल.

विस्कटलेले वाक्य हे एका विशिष्ट भाषेची सवय किती मुरली आहे ते दाखविते. हा उपयोग काही कमी नाही. ज्याला इंग्रजीत काम करावयाचे आहे त्याची ती सवय तपासणे रास्तच आहे. परंतु सवयीला बुद्धी समजण्याची चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली आणि ज्याने ती केली त्यालाच ती मागे घ्यावी लागली. सवय ही लावून घेता येते, आणि कोणत्याही वयात लावून घेता येते. म्हणून उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढताना ‘याला अजून सवय नाही’ एवढेच म्हणावे. त्यापुढचा शेरा लिहिण्याचा अधिकार त्या प्रश्नाने कोणालाही दिलेला नाही.